फुलांच्या घाटीतले फोटो: प्रजातीपर्यंत नाव का लागत नाही?

मोर्शीकर
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या निसर्ग मंडळाने उत्तराखंडातल्या फुलांच्या घाटीतून आणि हेमकुंडच्या वाटेवरून आणलेल्या फोटोंचा शाळेसाठी तक्ता करायचा आहे. १४० च्या आसपास फोटो, सगळे मोबाइलचे, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातले. अल्बमची लिंक खाली दिली आहे. फोटो दिसायला झकास, पण नावं लागत नाहीत. एकाच पिवळ्या पाच पाकळ्यांच्या फुलाला फोटोवरून झाड ओळखणारं ॲप आधी पोटेन्टिला म्हणालं, दुसऱ्या फोटोला जिअम, तिसऱ्याला रॅननक्युलस. गुलाबी, चोचवाल्या फुलाचं पेडिक्युलॅरिस एवढंच ठरतं, पुढचं नाव दर वेळी वेगळं. छत्रीसारख्या पांढऱ्या फुलोऱ्यांचं तर विचारूच नका. फोटोत नेमकं काय कमी पडतंय? पुढच्या ऑगस्टला दुसरी तुकडी जाणार आहे, तिला काय सांगून पाठवायचं?

रानवाट_धारणी
मोर्शीकर भाऊ, अल्बम पाहिला. जवळजवळ सगळे फोटो वरून, फुलाच्या तोंडाचे आहेत. ओळख पटते ती फुलाच्या पाठीवरून, मुळाशी असलेल्या पानावरून आणि फळावरून. ते तिन्ही तुमच्याकडे नाही.

पिवळं फूल घ्या. देठ न तोडता बोटाने वाकवून मागून पाहायचं. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) पातीला, म्हणजे कळीला, बाहेरून तीन दातेरी हिरवी पानं असतात, अंबाडीच्या फुलाखाली बारीक पट्ट्यांचं कडं असतं, तसा निदलांच्या (पाकळ्यांखालच्या हिरव्या दलांच्या) बाहेर आणखी एक हिरवा थर पोटेन्टिलाला असतो. पाच निदलं आणि त्यांच्या मधल्या फटींत पाच पट्ट्या, म्हणजे मागून दहा टोकं मोजता येतात. जिअमलाही हा थर असतो. रॅननक्युलसला नसतो, आणि त्याच्या पाकळ्या आतून वार्निश फिरवल्यासारख्या चमकतात, बुडाशी मधाची बारीक खोबण असते. मागचा एक फोटो असता तर रॅननक्युलस तिथेच बाद झालं असतं.

उरले दोघं. पळसाला पानं तीनच, पण पोटेन्टिलाचा तसा नेम नाही. पोटेन्टिला ॲट्रोसँग्विनियाचं पान स्ट्रॉबेरीसारखं तीन पर्णिकांचं, खालून रुपेरी लव असलेलं. दुसऱ्या काहींना पाच पर्णिका, काहींचं पान पिसासारखं लांब. जिअम इलेटमचं मुळाशी असलेलं पानही पिसासारखंच, त्यामुळे नुसत्या पानावर निकाल लागत नाही. पाकळ्या झडल्यावर पाहा: जिअमच्या बारक्या फळांवर कुक्षीवृंताची (स्त्रीकेसराच्या दांडीची) शेपटी टिकून राहते, पोटेन्टिलात ती गळून पडते. म्हणून ताज्या फुलाशेजारचं सुकत आलेलं फूलसुद्धा फोटोत हवं. लोक नेमकं तेच टाळतात, कारण ते दिसायला वाईट!

रंगावर विसंबू नका. ॲट्रोसँग्विनिया लाल फुलांसाठी प्रसिद्ध आहे, पण पिवळ्या फुलांची झाडंही बरेच जण त्याच प्रजातीत धरतात.

टारफुला
पेडिक्युलॅरिसबद्दल माझ्याकडून. जगभरात याच्या ६०० च्या वर प्रजाती आहेत आणि हिमालयात त्यांचा सुकाळ, त्यामुळे ॲपने गोंधळणं साहजिकच. ज्वारीतल्या टारफुल्याचंच हे कूळ. तो जसा ज्वारीच्या मुळावर जगतो, तसं हेही शेजारच्या गवताच्या मुळातून ओढून घेतं.

तिळाचं फूल डोळ्यांसमोर आणा: नळी, वरचा ओठ, खालचा ओठ. इथे वरचा ओठ दुमडून शिरस्त्राणासारखा होतो आणि बऱ्याच प्रजातींत त्याच्या टोकाला चोच निघते. चोच आहे का, असली तर सरळ की गुंडाळलेली, नळी निदलांच्या पेल्याच्या किती पट लांब, आणि पानं एकाआड एक की एका पेरावर तीन-चार, एवढं कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हे सगळं बाजूने, फुलाच्या उंचीवर कॅमेरा टेकवला तरच दिसतं. पेडिक्युलॅरिस सिफोनँथाची लांबलचक नळी पानांच्या झुबक्यात बुडालेली असते, वरून काढलेल्या फोटोत ती नाहीच असं वाटतं. तुमच्या अल्बमात एकच फोटो तिरका आहे. त्यात नळी लांब आणि चोच वळलेली दिसते. सिफोनँथा किंवा त्याच्या जवळचं, इतकंच म्हणेन. बाकीच्यांखाली 'पेडिक्युलॅरिस' लिहून थांबा.

सांभार_वर्धा
छत्र्यांची आशा सोडा दादा. सांभार (कोथिंबीर), ओवा, गाजर फुलावर आले की लांबून सारख्याच पांढऱ्या छत्र्या. हातात दाणा आला की शेंबडं पोरही सांगेल धने कोणते आणि ओवा कोणता. हिमालयातही तेच आहे. फळ गोल की चपटं, त्यावर कंगोरे किती उठावदार, कडेला पंख आहे का, यावरच ओळख ठरते, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला बहुतेकांचं फळ तयार नसतं. छत्रीच्या खालून एक फोटो घेतला तर निदान काही जीनस (जवळच्या प्रजातींचा गट, नावातला पहिला शब्द) लागतात: प्ल्युरोस्पर्ममच्या छत्रीखाली पांढऱ्या कडेची रुंद पानं असतात, कित्येकांना तिथे काहीच नसतं. फुटव्याशी देठ कसा फुगलाय तेही घ्या.

आणि तक्त्यावर ब्रह्मकमळ लिहाल तर जपून. आपल्याकडे कुंडीत रात्री उमलतं ते निवडुंगाच्या कुळातलं एपिफायलम. हेमकुंडच्या वाटेवरचं ब्रह्मकमळ म्हणजे सॉस्युरिया ऑबव्हॅलाटा, सूर्यफुलाच्या कुळातलं. त्यात पाकळ्या वाटतात त्या फिकट, कागदासारख्या छदपर्णांच्या (फुलांना झाकणाऱ्या पानांच्या) असतात, खरी फुलं आत जांभळ्या गोंड्यांत. पोरं घरचं फूल आठवून हमखास विचारतील.

मोर्शीकर
आभार सगळ्यांचे. मग ॲप वापरायचंच नाही का? आणि एका झाडाचे किती फोटो काढायचे? काही फोटोंवर तारीख-ठिकाणही दिसत नाही.

रानवाट_धारणी
वापरा, पण जीनसपर्यंत. ॲप फोटोची तुलना आपल्याकडच्या फोटोंशी करतं. ज्या प्रजातीचे पुरेसे फोटो त्याच्याकडे नाहीत ती त्याच्या यादीतच नसते, मग ते जवळचं दुसरं नाव छातीठोक सांगतं. दोन नावं आली म्हणजे दोन झाडं, असंही नाही: बिस्टोर्टा अफिनिस आणि पॉलिगोनम अफाइन हे एकच झाड, नाव बदललेलं.

तारीख-ठिकाण गेलं ते व्हॉट्सॲपमुळे. फोटो म्हणून पाठवला की आतली माहिती पुसली जाते आणि फोटो आकसतो, लव वगैरे काही उरत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर मूळ फोन घेऊन बसा. ठिकाण आणि उंची कळली की निम्म्या प्रजाती आपोआप गळतात. घाटीच्या वाटेवरचं मुक्कामाचं गाव घांगरिया सुमारे ३,००० मीटरवर, हेमकुंड ४,००० च्या वर, दोन्हीकडची झाडं सारखी नाहीत.

एका झाडाचे सात-आठ फोटो धरा. आधी पूर्ण झाड जागेसकट, ओलं गवत की दगडांची फट ते कळेल असं. मग फूल समोरून, बाजूने, मागून. मग खोडावरचं पान, मुळाशी असलेलं पान, आणि पान उलटं करून खालची लव. पान जिथे खोडाला जुळतं ती जागा लोक विसरतात. जिरेनियम वॉलिचियानमला तिथे रुंद, एकमेकांना जुळलेली उपपर्णं (पानाच्या बुडाशी असलेली छोटी पानं) असतात, तिच्यासारख्याच जांभळ्या इतर जिरेनियमांपासून वेगळी काढायला ही खूण फार कामाची. शेवटी फळ किंवा सुकलेलं फूल. एका फोटोत दहाचं नाणं शेजारी ठेवा, ते २७ मिमीचं असतं.

पोर्ट्रेट मोड बंद. तो कडा पुसट करतो आणि झाडावरचे बारीक केस खाऊन टाकतो. पांढरी-पिवळी फुलं उन्हातल्या फोटोत पांढरीफटक पडतात, तेव्हा स्क्रीनवर बोट ठेवून उजेड थोडा कमी करायचा आणि छत्रीची सावली धरायची. फोन फार जवळ नेला की मागचं गवत फोकसमध्ये येतं. थोडं मागे सरून २ एक्स झूम बरा. निळ्या-जांभळ्या रंगावर कॅमेऱ्याचा भरवसा नाही, म्हणून डोळ्यांना दिसलेला रंग तिथेच वहीत लिहा. जेन्शियाना जवसासारखंच लहरी: ढग आला की मिटतं, आणि पाच पाळ्यांच्या मधल्या बारक्या चुण्या, ज्यांवरून ते ओळखायचं, मिटल्यावर दिसत नाहीत. सकाळचं ऊन असताना आधी ती फुलं उरकून घ्या.

१९८२ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे, तोडायचं काहीच नाही. फोटोसाठी वाफ्यात उतरून चार झाडं तुडवणंही नको.

टारफुला
तुकडीचा सराव इथेच करून घ्या. श्रावण-भादव्यात बांधावर, रस्त्याकडेला तरोटा पिवळा झालेला असतो, आणि तो सगळा एकच नसतो. सेना टोरा आणि सेना ऑब्ट्युसिफोलिया दोन्ही 'तरोटा' म्हणूनच खपतात. समोरून फुलाचा फोटो काढला तर फरक कळणार नाही. पानाच्या दांडीवर पाहा: टोराला खालच्या दोन्ही जोड्यांच्या पर्णिकांमध्ये एकेक बारीक गाठ असते, ऑब्ट्युसिफोलियाला बहुधा सगळ्यात खालच्या जोडीतच. शेंगेचा देठ टोराचा आखूड, दुसऱ्याचा २ सेंमी किंवा त्याहून लांब. पोरांना मोबाइल देऊन सांगा की ती गाठ आणि तो देठ फोकसमध्ये आणा, सोबत नाणं ठेवा. गाठ दोन-तीन मिमीची असते, पहिल्या दिवशी निम्म्या पोरांचे फोटो पुसट येतील.