मिठाचा पुडा, भाताची वाटी, मिश्रीची डबी: कोकणातल्या रोजच्या सवयींचा हिशेब (अनुभव धागा)

दवाखान्यात, स्वयंपाकघरात आणि मासळीच्या वाळवणावर रोज हात असलेल्यांना या धाग्यावर मुद्दाम बोलावलं आहे. विनंती एकच. कोण कसं आजारी पडलं आणि कसं बरं झालं, ते नको. माप लिहा, कृती लिहा, कुठे चुकतं आणि का चुकतं ते लिहा. "मीठ कमी करा, भात सोडा" हे सगळ्यांनी शंभरदा ऐकलंय आणि त्याने काही हलत नाही. किती कमी, कुठून कमी आणि घरच्या घरी मोजायचं कसं, हे कळलं तर सावंतवाडीपासून अलिबागपर्यंत कुठल्याही घरात ते उद्यापासून करता येईल.

आहारतज्ज्ञ, रत्नागिरी

मिठापासून सुरुवात करते, कारण रक्तदाबाशी त्याचा संबंध सरळ आहे आणि मोजायला ते सगळ्यांत सोपं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी. म्हणजे चहाचा एक चमचा, तोही भरून नाही. चमच्याने मोजत बसायला कोणाला वेळ नसतो, म्हणून पुडा मोजा. घरात चार मोठी माणसं असतील तर दिवसाला 20 ग्रॅम, म्हणजे किलोचा पुडा 50 दिवस. पुडा फोडला की त्यावर पेनाने तारीख घाला. महिन्याभरात संपत असेल तर माणशी 8 ग्रॅमच्या वर जातंय. आणि यात लोणचं, पापड, खारी मासळी, चाकरमान्यांनी आणलेलं फरसाण धरलेलंच नाही. ते धरलं तर पुडा दोन महिन्यांच्या पुढे जायला हवा.

पाकिटावर मीठ नसतं लिहिलेलं, सोडियम असतं. 400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 1 ग्रॅम मीठ. आकडा 100 ग्रॅमचा आहे की एका वाढणीचा, ते आधी बघा. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो आणि तोही सोडियमच.

कमी करताना एकदम अर्ध्यावर आणू नका. घरातली माणसं पानात वरून मीठ मागून घेतात, मग वाढतंच. चौथा हिस्सा कमी करा, तीन-चार आठवडे जीभ रुळू द्या, मग पुढचा. पानात डावीकडे मीठ वाढायची पद्धत मात्र पहिल्याच दिवशी बंद करा. कोकम, तिरफळ, ओली मिरची, लिंबू यांचा हात थोडा सैल सोडला की मिठाची उणीव कमी भासते.

कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका.

सुकी मासळी करणारी, वेंगुर्ले

सुकं आणि खारं यांत लोक गल्लत करतात, म्हणून लिहिते. बोंबील दोऱ्यांवर टांगून नुसत्या उन्हात वाळवतात. जवळा, सुकट पसरून वाळवतात. त्याला मीठ लागत नाही. खारा बांगडा, खारी सुरमई, मोरी ही मिठात मुरवलेली असतात, मासा चिरून आत-बाहेर मीठ भरून. दोन्हींना "सुकी मासळी" म्हणत असलो तरी मिठाच्या बाबतीत ती दोन टोकं आहेत. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात, त्या दोन महिन्यांत घरोघरी हेच चालतं. ज्याला रक्तदाब आहे त्याने बेगमी करतानाच जवळा आणि बोंबील जास्त, खारं कमी, असं घ्यावं.

खारं करायचंच असेल तर वरचं मीठ आधी झाडून टाका, मग वाहत्या पाण्याखाली चोळा. तुकडे करून भरपूर साध्या पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवा, पाणी ओता, पुन्हा भिजवा, असं तीनदा. अख्खा मासा भिजवला तर आतलं मीठ तसंच राहतं. आमटीत वेगळं मीठ अजिबात नाही, आणि त्या दिवशी पानात लोणचं-पापडही नाही.

जवळा चाळणीत घोळवून रेती काढा, कोरडा भाजा, मग गरम पाण्याने धुवा. आधी धुऊन भाजायला गेलात तर तो शिजतो, कुरकुरीत होत नाही.

परिचारिका, उपकेंद्र, राजापूर तालुका

रक्तदाब मोजण्यात इतक्या चुका होतात की गोळी चालू करायची की नाही यावरच परिणाम होतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, विडी, मिश्री काही नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीवर. हात खाली लोंबत ठेवला की आकडा वाढून येतो. दंड जाड आणि पट्टा लहान असला तरी वाढून येतो. बोलत बसलात तरी तेच. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही वहीत लिहा, वेळेसकट. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा वर येत असेल तर तो उच्च रक्तदाब. चढण चढून धापा टाकत आलेल्या माणसाचा घेतलेला एक आकडा म्हणजे निदान नव्हे.

दुसरी चूक जास्त महागात पडते. आकडा 120/80 ला आला की "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी बंद. आकडा गोळीमुळे आलेला असतो. पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, मूत्रपिंड निकामी होणं, हे याच बंद केलेल्या गोळ्यांच्या मागून येतं, आणि आधी काही दुखत नाही.

30 वर्षांवरच्या प्रत्येकाची रक्तदाब, साखर आणि तोंडाची तपासणी सरकारी उपकेंद्रात आणि आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. बायकांची स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणीही त्यातच आहे. आशाताई फॉर्म घेऊन दारात आल्या की "मला काही होत नाही" म्हणून त्यांना परत पाठवू नका.

वाचक, कणकवली

उकड्या तांदळाने साखर वाढत नाही, असं घरोघरी सांगतात. खरं किती?

आहारतज्ज्ञ, रत्नागिरी

अर्धं खरं. उकडा करताना साळ भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडतात. वाफेत कोंड्यातली ब जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात आणि स्टार्चची घडण बदलून दाणा घट्ट होतो, म्हणून तो सुरयपेक्षा, म्हणजे न उकडलेल्या तांदळापेक्षा, जरा हळू पचतो. पण हळू म्हणजे कमी नव्हे. 40 ग्रॅम तांदळाचा वाटीभर भात होतो, त्यात 30 ते 35 ग्रॅम कर्बोदकं. पानात चार वाट्यांचा डोंगर असेल तर 120 ग्रॅमच्या पुढे गेलात, तांदूळ कुठलाही असो. शिवाय उकड्याची पेज दाणा फुटेस्तोवर गाळ शिजवली की हळू पचण्याचा फायदाही बराचसा जातो. पेज मोकळ्या दाण्याची ठेवा, आणि सोबत लोणच्याच्या फोडीऐवजी मुगाची किंवा चवळीची उसळ घ्या.

भात सोडायची गरज नाही. वाटीने वाढा, हाताने किंवा कालथ्याने नको. आधी भाजी आणि मासा किंवा उसळ खा, भात मागाहून. याच क्रमाने जेवलं तर जेवणानंतरची साखर कमी चढते. दुपारी भात तर रात्री नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, असं बरेच जण करतात. त्यातली तांदळाची भाकरी म्हणजे पुन्हा तांदूळच, हे विसरू नका. नाचणीत 100 ग्रॅमला 340 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, ती जरूर खा, पण भाकरीच्या रूपात. पातळ आंबिलीने साखर त्याहून लवकर चढते.

कुळथाच्या पिठीबद्दल एक. कुळीथ प्रथिनांनी समृद्ध आहे, 100 ग्रॅमला 22 ग्रॅमच्या आसपास. पण माणशी पिठीत पडतं 20 ग्रॅम पीठ, म्हणजे 4 ग्रॅम प्रथिनं, आणि तिच्याबरोबर भात जातो तीन वाट्या. आठवड्यातून दोनदा कुळथाला मोड आणून उसळ करा.

जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं अंगणात, पाणंदीत चाला. जेवल्यावर लगेच आडवं होणाऱ्यांना याचा फायदा ग्लुकोमीटरवर दोन दिवसांत दिसतो. एक दिवस चालून, एक दिवस न चालता, तेच जेवण, दोन तासांनी मोजा.

दंतवैद्य, श्रीवर्धन

आमची रोठा सुपारी नावाजलेली आहे, बागायतदारांचं पोट तिच्यावर आहे, हे मला ठाऊक आहे. तरी लिहिणं भाग आहे. सुपारी, तंबाखूशिवायची नुसती सुपारीसुद्धा, कर्करोगकारक म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात घातली आहे. "मी तंबाखू नाही खात, फक्त सुपारी" हे समाधान खोटं आहे. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर आवळत, ताठर होत जातं. सुरुवातीची खूण म्हणजे तिखट झोंबायला लागणं, आणि आपल्याकडे लोक त्यावर मिरची कमी करतात, सुपारी नाही. घरी बघायचं असं: स्वतःची तीन बोटं, तर्जनी, मध्यमा, अनामिका, एकावर एक उभी धरून समोरच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये जातात का? दोनच जात असतील तर याच आठवड्यात दाखवा. आवळलेलं तोंड पूर्ववत होणं कठीण असतं, पण सुपारी थांबली तर पुढचं नुकसान थांबवता येतं.

मिश्री. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजून कुटलेली पूड. बायका तिला दंतमंजन समजतात, म्हणून व्यसनाच्या प्रश्नाला "नाही" असं उत्तर देतात. विचारताना "तंबाखू खाता का?" असं विचारू नका, "मिश्री दिवसातून कितीदा लावता?" असं विचारा. भाजल्याने निकोटीन जात नाही, उलट जळण्यातून तयार होणारी आणखी घातक द्रव्यं मिळतात. गरोदरपणी लावली तर बाळाचं वजन कमी भरतं.

सोडताना अडतं ते पोटावर. "लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" हे नाटक नसतं, निकोटीन आतड्यांना चाळवतं आणि ते बंद झालं की काही आठवडे बद्धकोष्ठ होतंच. ते आधीच सांगून ठेवा. सकाळी उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, पेरू, भिजवलेले मनुके. पहिले तीन-चार दिवस सगळ्यांत जड. तलफ काही मिनिटांची असते, तेवढ्या वेळात चूळ भरा, लवंग किंवा भाजलेली बडीशेप तोंडात धरा. डबी घरात ठेवून सोडणं जमत नाही, ती घराबाहेर गेली पाहिजे. सुनेने सासूबाईंची डबी लपवून मात्र काही होत नाही, भांडण होतं. त्यांच्याच हाताने टाकू द्या. 1800-11-2356 ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मोफत मदतवाहिनी आहे.

महिन्यातून एकदा आरशासमोर, टॉर्च घेऊन: दोन्ही गालांच्या आत, हिरड्यांचा मिश्री लावायचा भाग, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण. दुखत नसला तरी दाखवा. सुरुवातीला दुखत नाहीच.

खानावळ चालवणारा, मालवण

नारळाला दोष द्यायची पद्धत पडलीय, आणि उलट बाजूला खोबरेल म्हणजे औषध म्हणणारेही आहेत. ओल्या खोबऱ्यात 100 ग्रॅमला 33 ग्रॅमच्या आसपास चरबी, बहुतेक संपृक्त. 2000 कॅलरी खाणाऱ्याला संपृक्त चरबी दिवसाला 22 ग्रॅमपर्यंत चालते. चार माणसांच्या कालवणाला अर्धा नारळ, म्हणजे 100 ते 150 ग्रॅम खोबरं, इथवर ठीक. त्याच जेवणात भाजीवर खोबरं, सोलकढीला दाट रस आणि वर तळलेला मासा आला की मर्यादा मोडते. एका पानात नारळ एकाच पदार्थात ठेवा. वाटणात चोथा तरी पोटात जातो, रसात चरबी तेवढी उतरते, म्हणून सोलकढी दुसऱ्या पाण्याच्या रसाची करा.

बांगडा, तारली, पेडवे यांत ओमेगा-3 भरपूर, ते आठवड्यातून दोनदा तरी खावेत, आणि ते पापलेट-सुरमईपेक्षा स्वस्तही असतात. पण रव्यात घोळवून तेलात बुडवले की रवा तेल पितो. बांगड्याचं तिखलं करा: मिरची, हळद, कोकम, ठेचलेली तिरफळं, नावापुरतं तेल, खोबरं नाही. तिरफळाची बी काढून टाका, नाहीतर कडू होतं. तव्यावरच भाजायचा तर तवा आधी नीट तापवा. थंड तव्यावर मासा चिकटतो, मग सुटावा म्हणून तेल ओतत राहतो. तळून उरलेलं तेल काळपट, फेसाळ, दाट झालं की टाका, त्यात नवं तेल मिसळून पुढे चालवू नका.

आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, मीठ भरपूर असतं. सोलकढी आगळाची असेल तर वेगळं मीठ नको. अमृत कोकमात मीठ थोडं, पण पाकाचं निम्म्याहून अधिक वजन साखरेचं. उन्हाळ्यात पाहुण्यांबरोबर दिवसातून तीनदा घेतलं जातं, ते मधुमेह्यांनी साखरच समजावं. आमसुलं भिजवून नुसतं पाणी प्यायलात तर हा प्रश्नच येत नाही.

आहारतज्ज्ञ, रत्नागिरी

पावसाळ्याबद्दल दोन गोष्टी राहिल्या. दमट हवेत सुकं खोबरं, शेंगदाणे, तांदूळ यांना बुरशी येते. काही बुरशींचं विष यकृताच्या कर्करोगाला कारण होतं आणि ते उकळून, भाजून जात नाही. बुरशी पुसून, उन्हात टाकून खोबरं वाटणात घालू नका, फेकून द्या. वाटी कापून आत पिवळट-काळे डाग दिसले तरी तेच. जूनच्या आधी कडकडीत वाळवून हवाबंद डब्यात भरा, आणि थोडं थोडं घ्या.

दुसरी आयोडिनची. शिरोड्याचं मिठागर 1930 च्या सत्याग्रहामुळे सगळ्यांना माहीत आहे, आणि अशा खड्या मिठाची चव अनेकांना आवडते. लोणच्याला, आगळाला ते वापरा. रोजच्या जेवणाला आयोडिनयुक्त हवं, मासे न खाणाऱ्या घरांत तर नक्कीच. ते चुलीजवळच्या उघड्या सटात ठेवलं की ओल आणि उष्णतेने आयोडिन उडतं. झाकणाच्या बरणीत, चुलीपासून लांब ठेवा, आणि शक्यतो पदार्थ उतरवताना घाला.

परिचारिका, उपकेंद्र, राजापूर तालुका

धाग्याच्या सुरुवातीला मापं मागितली होती, म्हणून साखरेचे आणि कंबरेचे आकडे. उपाशीपोटी साखर 100 च्या खाली ठीक, 100 ते 125 मधुमेहाच्या उंबरठ्यावर, 126 किंवा वर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून आली तर मधुमेह. उपाशी म्हणजे आठ तास, आणि चहाही नाही. "फक्त अर्धा कप घेतला" म्हणणाऱ्यांना परत पाठवावं लागतं.

कंबर पुरुषांची 90 सेंटिमीटर, बायकांची 80, याच्या वर नको. टेप बेंबीजवळ, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, कपडा बाजूला करून, श्वास सोडल्यावर. लेंग्याच्या नाडीवरून घेतलेलं माप धरू नका, नाडी पोटाखाली बांधलेली असते.