ईटनच्या चौकात एका बाजूला दगड आणि दुसऱ्या बाजूला वीट का?

थेम्सकाठी
नोकरीनिमित्त मी इंग्लंडमध्ये स्लाउ येथे राहतो. गेल्या महिन्यात आईवडिलांना घेऊन शेजारचे ईटन कॉलेज पाहून आलो. सहाव्या हेन्री राजाने १४४० मध्ये स्थापन केलेल्या या निवासी शाळेच्या चौकात शिरताच उजवीकडे उंच दगडी चॅपल (प्रार्थनागृह) दिसते, तर डावीकडची मुलांची जुनी इमारत आणि समोरचा लप्टन मनोरा लाल विटांचा आहे. खर्च राजाचाच होता, मग मुलांच्या वाट्याला वीट का आली? दुसरे असे, की विटांच्या भिंतींवर काळपट चौकटींची नक्षी आहे. आईला तिच्यात शंकरपाळे दिसले. ती रंगवलेली असते काय?

जुनी दर्ज
नक्षी रंगवलेली नाही. लाकडावर चालणाऱ्या भट्टीत ज्या विटांची टोके जाळाच्या अगदी तोंडाशी येत, ती अति तापून निळसर काळी आणि काचेसारखी गुळगुळीत होत. एरवी बाजूला पडल्या असत्या अशा विटा गवंडी वेगळ्या काढून ठेवीत आणि त्यांचे काळे टोक दर्शनी भागात येईल अशा बेताने थरांत बसवीत. पुढच्या खेपेला भिंतीजवळ उभे राहून तिरप्या उन्हात पाहावे. काळे टोक चमकते, शेजारची लाल वीट चमकत नाही.

दगडाविषयी सांगायचे तर त्या परिसरात बांधकामाचा चांगला दगड नाही. चॅपलसाठी तो केंट, यॉर्कशायर आणि थेट फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील 'कां' या गावाहून आणावा लागला. विटांची माती मात्र दोनेक मैलांवर, म्हणजे आपण राहता त्या स्लाउमध्येच होती. तेथील भट्टीतून १४४२ पासूनच्या सुमारे दहा वर्षांत २५ लाखांच्या आसपास विटा ईटनला गेल्या.

तरीही वीट म्हणजे गरिबाचा माल, असा अर्थ कृपया काढू नये. याच राजाचा खजिनदार राल्फ क्रॉमवेल याने लिंकनशायरमध्ये टॅटरशॉल येथे आपला भव्य मनोरा विटांतच बांधला, आणि त्या परगण्यात तर दगडाची वाण नव्हती. त्या काळात वीट ही बड्या लोकांची हौस होती.

ओसरी
हौस होती हे मान्य, परंतु ईटनमध्ये वेगाचा मुद्दा मला अधिक वजनदार वाटतो. जवळच्या भट्टीतली वीट भराभर रचता येते. दूरच्या खाणीतला दगड येईपर्यंत कारागीर वाट पाहत बसतात. १४६१ मध्ये हेन्रीचे राज्य गेले तेव्हा चॅपल अपुरेच होते आणि आजही आपण पाहतो तो मूळ आराखड्याचा केवळ पूर्वेकडील भाग आहे. लप्टन मनोरा मात्र हेन्रीच्या काळातला नव्हे; तो १५२० च्या सुमाराचा आहे.

'मुलांच्या वाट्याला वीट आली' याची हळहळ वाटून घेण्यापेक्षा आतली रचना पाहावी. डावीकडच्या इमारतीत खाली वर्ग आणि वर 'लाँग चेंबर' नावाचे एकच लांबलचक दालन होते, ज्यात राजाच्या खर्चाने शिकणारे ७० विद्यार्थी एकत्र झोपत. खालच्या वर्गातले लाकडी खांब मूळचे नाहीत. ते सतराव्या शतकात आले. रात्री दालनाला कुलूप लागे आणि उंदरांचा सुळसुळाट असे. भिंती भक्कम असल्या तरी एवढ्या मुलांना एका छपराखाली आडोशाविना ठेवणारी ती योजना मला तरी सदोष वाटते. १८४६ मध्ये नवी इमारत झाल्यावर अनेकांना स्वतंत्र खोल्या मिळाल्या.

थेम्सकाठी
दोघांचेही आभार. रोज ज्या रस्त्याने कामावर जातो, त्याच गावच्या मातीच्या त्या विटा असतील, हे मनात आले नव्हते. आईला काळ्या टोकांविषयी सांगितले, तेव्हा तिने विचारले, "म्हणजे करपलेलेच शंकरपाळे ना?"