अनुभव धागा : गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढवायचे घरगुती उपाय

अ‍ॅव्हरेज वाढावं म्हणून आपल्या हातांनी गाडीत काय केलं आणि ते टिकलं का, ते लिहा. अट एकच: आकडा टाकी-टू-टाकी काढलेला हवा, म्हणजे टाकी फुल ते पुन्हा फुल, मधले किमी भागिले दुसऱ्यांदा भरलेलं पेट्रोल. नोझल पहिल्यांदा आपोआप कट झाला की भरणं बंद, पुढच्या वेळी तोच पंप. बदलाआधी ३ टाक्या, नंतर ३, मग बदल काढून पुन्हा १. पावसाळ्याची टाकी उन्हाळ्याशी तोलू नका. डॅशबोर्डवरचा आकडा चालणार नाही.

फोंड्याहून
टायर बदललेल्यांनी आधी गणित करावं. १६५/८० आर१४ काढून १८५/६५ आर१४ घातले की व्यास ६२० मिमीवरून ५९६ वर येतो. मीटर जवळपास ४ टक्के किलोमीटर जास्त मोजतो आणि मालक खूश! हवा मात्र दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरावी. पंपापर्यंत जाताना टायर तापतो, तिथे तोच आकडा भरला की सकाळी हवा कमीच निघते. १२ व्होल्टचा घरचा पंप बरा.

वास्कोहून
आपल्याकडे काही जोडण्याआधी ब्रेक बघा. खाऱ्या हवेत कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना जाम होतात, पॅड डिस्कला घासत राहतो. ५-६ किमी ब्रेक शक्य तितका कमी वापरून चालवा, थांबल्यावर रिमजवळ हात न्या. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथे ब्रेक धरलेला असणार.

ते चाक काढायला सपाट जागा, बाकी चाकांना दगड, जॅकसोबत स्टँड हवाच. कॅलिपर सोडवून तारेने टांगा, ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळत ठेवू नका. दोन्ही पिना ब्रेक क्लीनरने पुसा. खड्डे पडले असतील तर नव्या घाला. एका पिनेवर रबरी बुश असेल तर वरची खाली करू नका. सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस, तेही पातळ थरात. साधं ग्रीस रबर फुगवतं, पिन पुन्हा जाम. पिनेवरचं फाटलेलं रबरी बूट तसंच ठेवलं तर पुढच्या पावसात सगळी मेहनत फुकट. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, नाहीतर पहिला ब्रेक लागणारच नाही.

पावसात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढू नका. गियरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. नाहीतर मागच्या ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात.

म्हापशाहून
हवा सरळ जावी म्हणून गाडीच्या पोटाखाली ५ मिमी सनपॅक शीट (पोकळ प्लास्टिकची) लावता येते, एम६ बोल्ट आणि रुंद वॉशर वापरून. सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपासून लांब ठेवा, ती प्लास्टिकच आहे. ऑइलच्या नटाखाली झडप कापा, पाणी जायला भोकं पाडा. पण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे झुवारी पुलावर नि हायवेवर थोडं काही मिळेल. गल्लीबोळांत आणि गतिरोधकांवर शीट फाटेल तेवढीच. ग्रिल झाकू नका: मागे एसीचा कंडेन्सर असतो, पंखा जास्त फिरतो, एसी कमी गार करतो.

डिचोलीहून
बाटलीतल्या पाण्यापासून हायड्रोजन काढून इंजिनात सोडणारा किट नको. १२ व्होल्टवर १० अँपिअर म्हणजे १२० वॅट. ते अल्टरनेटरमार्गे (इंजिनावर फिरून वीज बनवणारा भाग) पेट्रोलमधूनच येतात आणि परत मिळतात त्याहून कमी. पेट्रोलच्या पाइपवरची चुंबकं तर निव्वळ शोभा.

एअर फिल्टर तांबड्या धुळीने भरला की फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचा दम जातो, अ‍ॅव्हरेज फारसं हलत नाही. तरी बदला, धूळ इंजिनात नको. फिल्टर काढून मोकळं भोक ठेवणारे महाभागही आहेत.

चोर्ला घाट उतरताना न्यूट्रल करू नका. गियरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतात. न्यूट्रलमध्ये आयडलपुरतं जळतच राहतं. चावी बंद केली तर दोन-तीन दाबांत ब्रेक हलका ठेवणारा व्हॅक्यूम संपतो.

मडगावहून
चवथीला सामानासाठी चढवलेलं छतावरचं कॅरिअर दिवाळीपर्यंत तसंच हवा अडवत असतं. काढायला ४ बोल्ट, १० मिनिटं.