मदत हवी आहे: अँटायोकस तिसऱ्याचे १५ मिमी सैन्य – राफिया रंगवावे की मॅग्नेशिया?

नमस्कार.

अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर त्याच्या सरदारांनी जी राज्ये वाटून घेतली, त्यांपैकी सेल्युकिड राज्याचा राजा अँटायोकस तिसरा याचे सैन्य १५ मिमीच्या लघुमूर्तींत उभे करण्याचा उद्योग मी गेली दोन वर्षे सवडीने करत आहे. डीबीए या लघुमूर्तींच्या युद्धखेळाच्या नियमांनी खेळायचे असल्यामुळे मूर्ती चिकटवण्याचे सगळे बेस ४० मिमी रुंदीचे कापले आहेत. आतापर्यंत जमलेला संसार असा: सरिसा हा लांब भाला धरणारे फॅलँक्सचे (दाट रांगांच्या व्यूहाचे) पायदळ ६४, घोड्यासकट चिलखतात असलेले कॅटाफ्रॅक्ट स्वार १२, गॅलेशियन (आशिया मायनरमध्ये स्थायिक झालेले गॉल) पायदळ १२, थुरिओस ही लंबगोल ढाल घेतलेले भाडोत्री सैनिक ९, थोडे तिरंदाज आणि गोफणदार, चाकांना कोयते लावलेला एक रथ आणि हौद्यासह दोन हत्ती. यांतले कॅटाफ्रॅक्ट तेवढे रंगवून झाले आहेत. बाकीचे सैन्य बिनरंगाचे खोक्यात पडून आहे, आणि त्याला माझ्या आळसापेक्षा पुढील अडचणी अधिक जबाबदार आहेत.

पहिली अडचण इतिहासाची आहे. हे सैन्य इ.स.पू. २१७ मधील राफियाच्या लढाईतले असावे, असे मी सुरुवातीलाच ठरवले होते. ग्रीक इतिहासकार पोलिबियसने त्या लढाईची जी मोजदाद दिली आहे (अँटायोकसकडे ६२,००० पायदळ, ६,००० घोडदळ आणि १०२ हत्ती, इजिप्तचा राजा टॉलेमी चौथा याच्याकडे ७०,००० पायदळ, ५,००० घोडदळ आणि ७३ हत्ती), ती वाचल्यावर दुसरी लढाई निवडण्याचे कारणच उरले नव्हते. भारतीय हत्ती आणि आफ्रिकी हत्ती समोरासमोर उभे राहिल्याचे इतके तपशीलवार वर्णन प्राचीन लेखनात दुसरे मला सापडलेले नाही. मात्र मूर्ती विकत घेताना मी 'सेल्युकिड' एवढाच शब्द पाहून घेतल्या, त्यामुळे माझ्या खोक्यातले सैन्य खरोखर राफियाचे आहे, की त्याच अँटायोकसच्या रोमनांविरुद्धच्या मॅग्नेशियाच्या लढाईतले, याविषयी आता शंका येऊ लागली आहे.

दुसरी अडचण सरिसाची. मूर्तींच्या मुठी उघड्या आहेत आणि भाले तारेतून करून बसवायचे आहेत. पितळी तार वापरून पाहिली, तर खोक्यातून सैन्य बाहेर काढेपर्यंत निम्मे भाले वाकलेले असतात. शिवाय पुढच्या रांगेचे भाले आडवे धरले, तर ते शत्रूच्या बेसवर चढतात आणि दोन तुकड्या एकमेकींना भिडवताच येत नाहीत.

तिसरी अडचण रंगांची. आंतरजालावर रंगवलेल्या सेल्युकिड सैन्याची चित्रे पाहिली, तर एकाचे अंगरखे लाल, दुसऱ्याचे निळे, तिसऱ्याचे जांभळे. यांतले पुराव्याला धरून काय आहे आणि रंगवणाऱ्याची हौस किती आहे?

चौथी अडचण सांगताना थोडी लाज वाटते. मी डोंबिवलीत राहतो आणि कॅटाफ्रॅक्ट स्वारांवर मॅट व्हार्निशचा फवारा जुलै महिन्यात, भर पावसात, गॅलरीत उभा राहून मारला. सकाळी पाहतो, तर बाराही स्वारांवर पांढरट साय धरलेली. तीन आठवड्यांची मेहनत वाया गेली असे समजून मूर्ती पुन्हा धुऊन काढाव्यात, की त्यावर काही उपाय आहे?

नव्या मूर्ती मागवणे शक्य तो टाळायचे आहे, कारण परदेशातून येणाऱ्या पाकिटावर जकात धरली की एका हत्तीची किंमत ऐकून घरात शांतता पसरते.

प्रतिसाद १

आपली शंका रास्त आहे. आपल्या खोक्यात राफियाचे सैन्य नाही, मॅग्नेशियाचे आहे.

मुख्य पुरावा आपण रंगवून ठेवलेल्या त्या बारा स्वारांचाच आहे. पोलिबियसने राफियाला अँटायोकसच्या सैन्याची तुकडीवार यादी दिली आहे आणि तिच्यात कॅटाफ्रॅक्ट नाहीत. त्यानंतर अँटायोकस इ.स.पू. २१२ ते २०५ या काळात पूर्वेच्या दीर्घ मोहिमेवर गेला, पार्थिया आणि बॅक्ट्रियापर्यंत लढला, आणि परतल्यानंतर इ.स.पू. २०० मधील पॅनियनच्या लढाईत हे चिलखती स्वार त्याच्या बाजूने दिसतात. पूर्वेकडच्या घोडदळाशी गाठ पडल्यावर त्याने ते उचलले, असाच अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. इ.स.पू. १९० मध्ये रोमनांविरुद्ध मॅग्नेशियाला मात्र रोमन इतिहासकार लिव्हीच्या वर्णनानुसार दोन्ही बगलांवर तीन-तीन हजार कॅटाफ्रॅक्ट उभे होते. गॅलेशियनांचेही तेच. राफियाच्या यादीत गॉल आहेत, पण ते टॉलेमीच्या बाजूचे; मॅग्नेशियाला ते अँटायोकसच्या फॅलँक्सशेजारी आहेत. कोयत्यांचा रथही मॅग्नेशियाचाच. या रथांची तिथे जी फजिती झाली ती पाहता आपण एकच रथ घेतला हे बरे केले: रोमनांच्या बाजूने लढणाऱ्या पर्गामॉनच्या राजा युमेनिसने त्यांच्यावर तिरंदाज, गोफणदार आणि भालाफेके सोडले, घोडे बिथरले आणि रथ स्वतःच्याच घोडदळात घुसले.

आपल्या ६४ भालाईतांचे गणितही मॅग्नेशियाशी जुळते. तिथे फॅलँक्स १६,००० चा होता, म्हणजे आपली एक मूर्ती बरोबर २५० माणसांची. तो १,६०० च्या दहा भागांत विभागलेला होता, प्रत्येक भाग ५० रुंद आणि ३२ खोल. लिव्ही म्हणतो की या भागांच्या मधल्या फटींत दोन-दोन हत्ती उभे होते. ग्रीक इतिहासकार अॅपियन फॅलँक्सजवळच्या हत्तींची संख्या २२ देतो. नऊ फटींत दोन-दोन धरले तर १८ होतात, उरलेले चार बाहेरच्या दोन टोकांना उभे केले की हिशेब मिटतो. तेव्हा आपले दोन हत्ती बगलेवर न ठेवता फॅलँक्सच्या दोन गटांच्या मधोमध ठेवा. रोमनांनी बाणांचा आणि भाल्यांचा मारा केल्यावर याच हत्तींनी आतून फॅलँक्स मोडला, हे खेळताना लक्षात राहील.

हत्तींविषयी आणखी एक सूचना, कारण परदेशी मूर्तिकार इथे हमखास चुकतात आणि आपल्याकडच्या प्रेक्षकाच्या नजरेतून ती चूक सुटत नाही. मूर्तीचे कान तपासून घ्या. खांदा झाकणारे मोठे कान आणि मध्ये खोलगट पाठ असेल, तर तो आफ्रिकी हत्ती आहे आणि तो टॉलेमीला देऊन टाकावा. अँटायोकसचे हत्ती भारतीय होते. या राज्याचा संस्थापक सेल्युकस निकेटर याला चंद्रगुप्त मौर्याकडून ५०० हत्ती मिळाले ही गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. पण त्यानंतर शंभर वर्षांनी याच अँटायोकसने हिंदुकुश ओलांडून सुभागसेन नावाच्या भारतीय राजाशी मैत्रीचा करार नवा केला आणि आणखी हत्ती घेऊन एकूण संख्या १५० वर नेली, हे सहसा कोणी सांगत नाही. त्यामुळे माहुताला निःशंकपणे सावळा रंग द्या आणि हातात अंकुश द्या. ग्रीक लेखक माहुताला त्याचे मूळ गाव न विचारता सरसकट 'भारतीय'च म्हणत. कान आणि सोंडेच्या कडांवर फिकट गुलाबी ठिपके दिले, तर हत्ती जिवंत दिसतो. पाठीवर जे आहे त्याला हौदा म्हणावे, अंबारी नव्हे, कारण त्यावर छत नाही. लिव्हीने माहूत सोडून हौद्यात चार सैनिक सांगितले आहेत, शिवाय हत्तीच्या कपाळावर भाळपट्ट आणि तुरे.

प्रतिसाद २

मी इतिहासात पडत नाही, भाल्यांपुरते लिहितो.

पितळ सोडून द्या. संगीतवाद्यांच्या दुकानात गिटारच्या सुट्या पोलादी तारा मिळतात, त्यांतली ०.४ ते ०.५ मिमी जाडीची, वेटोळे नसलेली साधी तार घ्या. ती वाकली तरी पुन्हा सरळ होते. मात्र तिचे टोक हातोडीने चेपून पाते करता येत नाही, कारण ती कडक असते. टोक कटरने तिरके छाटा आणि वर चंदेरी रंगाचा एक ठिपका ठेवा. १५ मिमीला तेवढे पुरते. तार कापताना डोळ्यांवर चष्मा ठेवा, तुकडा कुठे उडेल याचा नेम नसतो. भाले रंगवून झाल्यावर सर्वांत शेवटी बसवा, आणि साध्या सुपरग्लूऐवजी मुठीच्या आत इपॉक्सीचा कणभर गोळा भरून त्यात रोवा.

आता लांबी. पोलिबियस प्रत्यक्ष वापरातली सरिसा १४ हातांची सांगतो, म्हणजे सुमारे ६.३ मीटर. त्यांतले दहा हात सैनिकाच्या पुढे येतात. आपल्या मूर्ती साधारण १:१०० प्रमाणाच्या धरल्या, तर भाला ६ सेंमीपेक्षा थोडा लांब आणि त्यातला साडेचार सेंमी भाग पुढे, आणि फॅलँक्सचा बेस १५ मिमी खोल. म्हणजे खरे प्रमाण पाळले तर भाला शत्रूच्या बेसवरून आरपार जाऊन त्याच्या मागच्या रांगेच्या पाठीतून निघेल. मी दोन तडजोडी करतो. भाला ४५ मिमीचा कापतो, आणि पुढच्या बेसवरचे भाले आडवे न धरता तिरके, जमिनीशी साधारण ४५ अंशांत धरतो. मागच्या बेसवरचे सरळ उभे. डीबीएमध्ये भालाईतांचे दोन बेस मागेपुढे लावले की पुढचे झुकलेले आणि मागचे उभे असे जंगल तयार होते, आणि मागच्या रांगांचे भाले उभे असत हेही इतिहासाला धरूनच आहे. खोक्यात ठेवताना बेसखाली चुंबकाची पट्टी आणि खोक्याच्या तळाला पत्रा लावा. उंच सैनिक आडवे ठेवले की सगळी मेहनत मातीत.

प्रतिसाद ३

रंग आणि व्हार्निश या दोन्हींविषयी.

व्हार्निशची साय ही दमट हवेची करामत आहे. मूर्ती धुऊ नका. पाऊस उघडलेला, पंखा चालू असलेला दिवस पाहून त्या स्वारांवर ब्रशने ग्लॉस व्हार्निशचा पातळ हात द्या. बहुतेक वेळा पांढरेपणा लगेच जिरतो. पूर्ण वाळल्यावर पुन्हा मॅट, तेही ब्रशनेच. जून ते सप्टेंबर फवाऱ्याचा डबा कपाटात बंद ठेवावा, प्राइमरचा म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचासुद्धा. व्हॅलेहो कंपनीचा ब्रशने लावायचा प्राइमर पावसाळ्यात उत्तम चालतो. त्याआधी मूर्ती भांड्यांच्या साबणाने धुऊन घ्या, आणि कानशीने सांधा घासताना धातूची भुकटी पोटात जाणार नाही याची काळजी घ्या, कारण अनेक जुन्या साच्यांच्या मिश्रधातूत शिसे असते.

रंगांसाठी चित्रांच्या मागे न लागता मूळ वस्तू पाहाव्यात. इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात सिडॉनला सापडलेली तथाकथित अलेक्झांडरची शवपेटी आहे, आणि त्याच सिडॉनचे भाडोत्री सैनिकांचे रंगीत स्मृतिशिलापट आहेत. आपल्या थुरिओसधारी नऊ जणांसाठी त्या शिलापटांपेक्षा जवळचा पुरावा मिळणार नाही, कारण ते सैनिक नेमके याच प्रकारचे आहेत. मॅसिडोनियात थेसालोनिकीजवळच्या आगिओस अथानासिओस येथील थडग्याच्या दर्शनी भागावर ढाली आणि भाले घेतलेल्या सैनिकांची रंगचित्रे आहेत. या सगळ्यांवर दिसतात ते मंजिष्ठेचा लाल, गेरू, पिवळी माती, पांढरा आणि इजिप्शियन निळा. उजळ जांभळा सामान्य भालाईताला देऊ नये. जांभळी टोपी आणि जांभळा झगा हे मॅसिडोनियन राजांकडून मर्जीतल्या माणसांना मिळणारे दान होते, असे ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. तो रंग राजा आणि त्याच्याभोवतीच्या स्वारांसाठी राखून ठेवा.

माझा स्वतःचा कल असा, की फॅलँक्सच्या एका गटाचे अंगरखे एकाच रंगाचे, पण तीन छटांत करावेत: थोडे मंजिष्ठी, थोडे उन्हात विटलेले, थोडे गेरूकडे झुकलेले. ६४ मूर्ती हुबेहूब एका रंगात रंगवल्या तर त्या शाळेच्या कवायतीसारख्या दिसतात. ढाली मात्र एकसारख्या हव्यात. काशाच्या ढालींना पितळी रंगावर तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), मग कडेला पुन्हा पितळी. एक गट 'चांदीच्या ढालींचा' म्हणजे अर्गिरास्पिडीसचा करायचा असेल, तर राखाडीवर चंदेरी आणि त्यावर पातळ काळा वॉश. मॅग्नेशियाला हे लोक राजाजवळ उजव्या बाजूला होते. सात मिलिमीटरच्या ढालीवर सेल्युकिडांचा नांगर हाताने काढण्याचा हट्ट एका तुकडीपुरता करून पाहा. पुढे डिकाल (चिकटवायची छापील चित्रे) आहेतच.

मूळ लेखक

तिघांचेही मनापासून आभार. मॅग्नेशियाचे नक्की केले. दोन्ही हत्तींचे कान मोजून पाहिले. एक निर्विवाद भारतीय आहे, दुसऱ्याच्या कानांविषयी घरात मतभेद आहेत, तेव्हा कडेने कानस चालवून ते लहान करणार आहे. रविवारी ऊन पडले होते म्हणून तीन कॅटाफ्रॅक्ट स्वारांवर ग्लॉसचा हात दिला, आणि दोघांवरची साय पूर्ण गेली. तिसऱ्याच्या घोड्याच्या मानेवर खवल्यांच्या खाचांत अजून पांढरे आहे, तिथे पातळ काळा वॉश सोडून पाहतो.

गिटारची तार आणली आहे. प्रश्न एकच उरला: लिव्हीचे चार सैनिक माझ्या हौद्यात मावत नाहीत, दोघांनंतर तिसऱ्याचा पाय बाहेर येतो. कमरेपासून वरचे, सुटे विकत मिळणारे १५ मिमी सैनिक कोणी वापरले आहेत का, की साध्या तिरंदाजाला कमरेत कापणे हाच मार्ग आहे?