अनुभव धागा: लेख सहज कसा लिहून होतो आणि वाचक त्याच्यापर्यंत कसे पोचतात?

ज्यांना एखादा विषय आतून-बाहेरून ठाऊक असतो, ती माणसं आपल्याकडे बहुधा लिहीत नाहीत. "विचारा, सांगतो. पण लिहायचं म्हटलं की सुचत नाही," असं म्हणतात. परिणाम असा की मराठीत काही शोधायला जावं तर एकाच मजकुराच्या नकला हाती येतात आणि ज्याने ते काम स्वतः केलंय त्याचं लिखाण सापडत नाही. मला हे फार लागतं. म्हणून वेगवेगळ्या विषयांवर नेटाने लिहिणाऱ्यांना दोनच प्रश्न विचारते आहे: लिहिणं सोपं कशाने झालं, आणि वाचक कुठून आले? सर्वसाधारण सल्ला नको, तुमच्या विषयात काय घडलं ते सांगा.

द्राक्ष बागायतदार, तासगाव

मी टाइप करतच नाही, बोलतो. गूगलच्या कीबोर्डवर 2017 पासून मराठीत बोलून लिहिता येतं. सकाळी बागेत फेरी मारताना जे दिसेल ते तिथंच बोलून ठेवतो: कुठल्या ओळीत पानामागं पांढरी बुरशी आहे, रात्री दव किती पडलं, फवारणी कधी घेतली. संध्याकाळी विरामचिन्हं घालायची, औषधांची नावं दुरुस्त करायची (ती मोबाईलला हमखास कळत नाहीत) आणि दोनदा आलेलं उडवायचं. कोऱ्या पानासमोर बसायची वेळच येत नाही.

वाचकांचं म्हणाल तर सगळा खेळ वेळेचा आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट असताना पाऊस लागला की डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीनं शेतकरी रात्री मोबाईल घेऊन बसतो. तेव्हा लिहायला घेऊन उपयोग नाही, लेख ऑगस्टमध्येच तयार पाहिजे. एप्रिलच्या खरड छाटणीचा लेख मी मार्चमध्ये टाकतो. दरवर्षी नवा लेख लिहीत नाही. जुन्यातच त्या हंगामाचे फोटो आणि नोंदी घालतो, पत्ता तोच ठेवतो. मग लोकांनी मागच्या साली एकमेकांना पाठवलेली लिंकही चालू राहते.

निवृत्त महसूल कर्मचारी, लातूर जिल्हा

नोकरीत असताना रोज टेबलासमोर माणूस उभा राहायचा आणि विचारायचा, "साहेब, वडील वारले, सातबारावर आमची नावं कशी लागतील?" त्याला मी कधी कायद्याच्या कलमापासून सुरुवात करून सांगितलं नाही. आधी अर्ज कुठं द्यायचा, कागद कोणते लागतील, मग फेरफार (नावबदलाची नोंद) धरला की नोटीस निघते आणि हरकतीसाठी 15 दिवस असतात, असं क्रमानं सांगायचो. लेखही तसेच लिहितो. शीर्षक म्हणजे त्या माणसाचा प्रश्न, त्याच्याच तोंडचा. "अधिकार अभिलेखातील वारस नोंदीची कार्यपद्धती" असं शीर्षक दिलं तर ते फक्त कचेरीतली माणसं वाचतील.

दुसरं, लेखाच्या वरच "शेवटची दुरुस्ती" म्हणून तारीख टाका. 2021 साली ई-पीक पाहणी (शेतकऱ्यानं मोबाईलवरून स्वतःच पीक नोंदवायची सोय) आली आणि पीक नोंदीबद्दलचे आधीचे सगळे लेख एका फटक्यात जुने झाले. तारीख नसेल तर वाचणाऱ्याला ते कळणार कसं? चुकीच्या माहितीवर तालुक्याला हेलपाटा पडला तर त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते.

पाककृती लिहिणारी, न्यू जर्सी

लातूरच्या काकांचा शीर्षकाचा मुद्दा माझ्या विषयालाही लागू पडतो. उकडीच्या मोदकांची कृती शेकडो जणांनी लिहिली आहे, त्यात माझी कोण उघडणार? मला वाचक मिळाले ते "मोदकाची पारी का तडकते?" या छोट्या लेखामुळे. गणपतीच्या आदल्या रात्री, हातात कोरडी उकड घेऊन बाई नेमकं हेच शोधते. मी पहिल्याच परिच्छेदात उपाय देते: उकड गरम असतानाच तेल-पाण्याचा हात लावून मळा, मळून झाल्यावर ओल्या फडक्याखाली ठेवा. आजीच्या आठवणी त्यानंतर. आठवणी मला प्रिय आहेत, लोकही वाचतात, पण पारी सावरल्यावर.

आणखी एक. बरेच मराठी लोक शोधताना रोमन लिपीत टाइप करतात. म्हणून लेखाच्या पत्त्यात पदार्थाचं नाव रोमन अक्षरांत ठेवते, लेख मात्र पूर्ण देवनागरीत.

अक्षरजुळणी करणारा, पुणे

माझ्याकडे दिवाळी अंकांचं जुनं काम पडून आहे, श्रीलिपीत आणि कृतिदेवमध्ये. त्या काळात सगळेच तसं करायचे. अडचण अशी की त्या फॉन्टमध्ये देवनागरी दिसते फक्त डोळ्यांना. आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. तो मजकूर तसाच चढवला तर शोधयंत्राला त्यात मराठीचा एक शब्दही सापडत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरं देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत आणा. परिवर्तक मिळतात, फक्त नंतर रफार आणि जोडाक्षरं नजरेखालून घाला. चित्रावर मजकूर छापून फिरवणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे: सोबत तो मजकूर अक्षरांतही द्या. अंध वाचकांचं वाचनयंत्रही अक्षरंच वाचतं.

शिक्षिका, सावंतवाडी

लिहून झालं की मोठ्यानं वाचते. जिथं दम लागतो तिथं वाक्य तोडते. बाकी काही नाही.

डोंगर भटक्या, नाशिक

हरिश्चंद्रगडावर मी मोठा लेख लिहिला होता: इतिहास, मंदिर, केदारेश्वराची गुहा, कोकणकडा. नंतर लक्षात आलं, फोन करणारा प्रत्येक जण विचारतो ते निराळंच. पाचनईकडून जाऊ की खिरेश्वरकडून? लहान मुलं असतील तर? आता तीन वाटांचे तीन लेख आहेत. पाचनईची वाट सर्वांत सोपी, खिरेश्वरची टोलारखिंडीतून जाणारी लांब, आणि बेलपाड्याकडून नळीची वाट फक्त सरावलेल्यांसाठी. हा शेवटचा इशारा मी पहिल्या ओळीत ठळक देतो. तो वाचून कोणी परत फिरलं आणि पुढचा लेख उघडलाच नाही, तरी चालेल.

इतिहासाचा लेख वेगळा ठेवला आहे. तिकडे कमी लोक येतात, पण आलेले शेवटपर्यंत वाचतात.

धागाकर्ती

तासगावच्या दादांना एक विचारायचं आहे. बोलून लिहिताना तुमची बोली मोबाईल बदलून टाकतो का? आणि बदललेलं तुम्ही तसंच ठेवता?

द्राक्ष बागायतदार, तासगाव

बदलतो की, ताई. पोंगा, दोडा, काडी हे आमचे बागेतले शब्द तो भलतेच करून ठेवतो. ते मी एकेक करून परत घालतो, कारण आमच्याकडचा शेतकरी ह्याच शब्दांनी शोधतो. वाक्यं प्रमाण भाषेत झाली तर तशीच राहू देतो. औषधाचं प्रमाण मात्र बोलून कधीच लिहीत नाही. ते डब्यावरचं लेबल समोर धरून बोटानं टाइप करतो.