'मृत्युंजय' चाळिशीत वाचलं. कर्णाला एवढे वकील कशाला?

अर्धवट वाचक

ज्यांनी शाळेत असताना 'मृत्युंजय' वाचलंय ते कर्णाबद्दल वाकडा शब्द ऐकून घेत नाहीत, हे माहीत असूनही धागा काढतेय. माझं त्या वयात राहून गेलं. 'छावा' चित्रपट येऊन गेल्यावर घरात शिवाजी सावंतांची पुस्तकं आली. 'छावा' नवऱ्याने पळवलं, हे माझ्या वाट्याला आलं.

आवडलं ते आधी सांगते. सुरुवातीचा चंपानगरीतला कर्ण, गंगाकाठ आणि त्याच्या मागे मागे असणारा धाकटा भाऊ शोण. रथामागे धावत येणारा शोण वाचताना गळा दाटून आला, उगाच नाकारणार नाही. बांधणीही झकास आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, शोण आणि शेवटी श्रीकृष्ण, सगळे आळीपाळीने 'मी' म्हणून बोलतात. १९६७ साली पौराणिक कादंबरी अशी रचणं म्हणजे हिंमतच.

पण मग हे सगळे एकाच आवाजात का बोलतात? मधलंच पान उघडा, कोणाचा भाग आहे ते न बघता ओळखून दाखवा. कुंती हळवी झाली की तिला उपमा सुचते, दुर्योधन भडकला की त्यालाही उपमाच सुचते. राजवाड्यातली बाई आणि सारथ्याचा पोर आयुष्यावर अगदी एकसारखं चिंतन करतात. एक वाक्य पुरलं असतं तिथे तीन, आणि तिसऱ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह.

हे एक वेळ चालवून घेतलं असतं. खरी अडचण पुढे आहे. कर्णाने काही वाईट केलं की त्याच्या आधीच त्याची सबब तयार असते. त्याचा अपमान, त्याची तडफड, त्याचं एकटेपण इतकं भरून ठेवलेलं असतं की तो चुकतो तेव्हा आपण रागवायचंच विसरतो. व्यासांकडे बघा. द्यूतसभेत सगळे थोर लोक खाली मान घालून बसलेत. कौरवांपैकीच एक, विकर्ण, उठून म्हणतो की हे चुकीचं चाललंय. त्याला गप्प कोण करतं? कर्ण. द्रौपदीला 'बंधकी', म्हणजे वेश्या, कोण म्हणतं? कर्ण. पांडवांची आणि तिची वस्त्रं काढून घे असं दुःशासनाला कोण सांगतं? तोच. व्यास तिथे त्याची बाजू मांडायला थांबत नाहीत. आणि पुढे उद्योगपर्वात हाच माणूस कृष्णाला सांगतो की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना जे कडू बोललो त्याने आज मी पोळतोय. ते वाचून अंगावर काटा येतो, कारण तोवर त्याला कोणी माफ केलेलं नसतं. सावंतांच्या कर्णाला वाचकाने आधीच माफ करून टाकलेलं असतं. मग त्याच्या पश्चात्तापाची किंमत ती काय?

घनसाळ

सावंत आमच्या आजऱ्याचे. त्यामुळे मी पक्षपाती आहे, हे लिहून घ्या आणि मग वाचा.

ताई, तुम्ही ही कादंबरी मनातल्या मनात वाचली, तिथंच गोची झाली. ती मोठ्यानं वाचायची असते. आमच्याकडं श्रावणात पांडवप्रताप लागायचा. श्रीधराच्या पोथीत भीम बोलतो त्याच ओवीत द्रौपदी बोलते, शकुनीही त्याच ओवीत बोलतो. ऐकणाऱ्यातल्या एकीनंही कधी विचारलं नाही की हे सगळे एकाच चालीत कसे काय. लिहिणारा कोल्हापुरात शाळेत शिकवणारा, नुकती पंचविशी ओलांडलेला पोरगा होता. वर्गात मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय असलेल्या माणसाचं हे गद्य आहे. तुम्हाला तीन वाक्यं दिसतात, ऐकणाऱ्याला ती चढत जाणारी एक तान असते.

आणि वकिलीचं म्हणाल तर, बाकीच्या पाचजणांना वकील कमी होते का? अख्ख्या महाभारतात साक्षात कृष्ण त्यांच्या बाजूनं उभा. एकानं कर्णाची बाजू घेतली तर लगेच तराजू वाकडा झाला?

चष्मिश

दोघांच्या मध्ये थोडी माहिती टाकतो. कर्ण म्हटलं की आपल्याला आठवणाऱ्या बऱ्याच गोष्टी व्यासांच्या नाहीतच, आणि त्याचं खापर एकट्या सावंतांवर फोडण्यात अर्थ नाही.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने देशभरातली हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. ते काम १९१९ला सुरू झालं आणि १९६६ला पूर्ण झालं, म्हणजे 'मृत्युंजय'च्या जेमतेम वर्षभर आधी. स्वयंवरात द्रौपदी 'मी सूताला (सारथ्याच्या जातीतल्याला) वरणार नाही' असं म्हणते तो प्रसिद्ध प्रसंग या आवृत्तीच्या मुख्य पाठात नाही. काही पोथ्यांतला मजकूर म्हणून तो खाली तळटिपांत गेला आहे. द्रोणांनी सूतपुत्र म्हणून कर्णाला दारातूनच परत पाठवलं, हेही तसं नाही. आदिपर्वात द्रोणांकडे शिकायला आलेल्यांत राधेयाचं, म्हणजे राधेने वाढवलेल्या कर्णाचं, नाव आहे. ब्रह्मास्त्र मागितलं तेव्हा त्यांनी नकार दिला, हे शांतिपर्वात येतं. सोन्याच्या दाताची गोष्ट लोककथांतली.

उलट बाजूने, जे आहे ते आपण सोयीने विसरतो. घोषयात्रेत, म्हणजे गाईंच्या मोजणीच्या निमित्ताने वनात गेलेल्या कौरवांना गंधर्वांनी झोडपलं तेव्हा रथ मोडलेला कर्ण विकर्णाच्या रथावर चढून निघून गेला, आणि दुर्योधन कैद झाला. त्याला सोडवलं पांडवांनी. (विकर्णाचाच रथ! ज्याला सभेत गप्प केलं त्याचा.) अभिमन्यूचं धनुष्य तोडणाराही कर्णच, द्रोणांच्या सांगण्यावरून.

कादंबरीकाराने यातलं काय घ्यावं हा त्याचा हक्क. माझी तक्रार वाचकांबद्दल आहे. कादंबरी वाचून 'महाभारतात असं आहे' म्हणून भांडायला उठणारे नातेवाईक मला दर लग्नात भेटतात.

वृषाली, खरीखुरी

टोपणनाव नाही, खरंच हे नाव आहे. आईने ही कादंबरी वाचून ठेवलं. त्यामुळे माझाही पक्षपात लिहून घ्या.

चष्मिश, तुमच्या यादीत एक भर. कर्ण कृष्णाला सांगतो की अधिरथाने, म्हणजे त्याला वाढवणाऱ्या सारथ्याने, माझी लग्नं लावून दिली. लग्नं, अनेकवचनी. त्या बायकांची नावंसुद्धा व्यासांनी दिलेली नाहीत. सावंतांनी त्यातल्या एकीला नाव दिलं, आणि नुसतं नाव देऊन कोपऱ्यात बसवलं नाही तर तिच्या तोंडी कादंबरीचा एक अख्खा भाग दिला. माझ्या आईच्या पिढीतल्या बायकांनी कर्णापेक्षा तोच भाग जास्त वेळा वाचला असेल, माझी खात्री आहे. आईच्या प्रतीत तिथली पानं सुटून आली आहेत आणि बाकीचं पुस्तक धड आहे.

अर्धवट वाचक, तुमचं एक म्हणणं मात्र पटतं. वृषाली बोलते ती जवळजवळ सगळी वेळ कर्णाबद्दलच. नवरा मोठा का आहे हे सांगण्यापलीकडे तिला स्वतःचं असं फार काही म्हणायचं नाही. नाव मिळालं, काम वकिलाचंच मिळालं.

टिवल्या

एवढे सगळे वकील असूनही अशील शेवटी चाकाखालीच.

रिकामा रथ

दोन्ही बाजू एक गोष्ट सोडून बोलताहेत.

राजपुत्रांच्या शस्त्रपरीक्षेचा, रंगभूमीवरचा प्रसंग घ्या. कर्णाला तिथल्या तिथे अंगदेशाचा राजा केलंय. तेवढ्यात अधिरथ येतो, घामाघूम, काठी टेकत, थरथरत. कर्ण धनुष्य बाजूला ठेवतो आणि अभिषेकाच्या पाण्याने अजून ओलं असलेलं डोकं म्हाताऱ्याच्या पायावर ठेवतो. हे व्यासांचं आहे. त्यावर भीम हसतो आणि म्हणतो, तुला चाबूकच शोभतो, तो हातात घे. अख्ख्या महाभारतात जातीवरून केलेला अपमान इतक्या जवळून क्वचितच दिसतो.

आता सांगा, 'मृत्युंजय' वाचून आपण कशासाठी रडतो? 'हा खरा कुंतीचा मुलगा, सूर्याचा मुलगा, आणि याला सूतपुत्र म्हणतात' म्हणून रडतो. म्हणजे चूक झाली ती पत्ता चुकल्याची. तो खराच सूताचा असता तर भीमाचं बोलणं योग्य होतं का? कवचकुंडलं, तेज, जन्मजात मोठेपण हे सगळं कादंबरी इतक्या वेळा सांगते की अधिरथाच्या घरात असा माणूस निपजणं शक्यच नाही असं वाटू लागतं. माझ्या मते कर्णावरच्या सगळ्या लोकप्रिय लिखाणाचा हा अडथळा आहे. वंचितांचा नायक म्हणून आपण ज्याला डोक्यावर घेतो, तो जन्माने राजघराण्यातला निघतो म्हणूनच आपल्याला चालतो.

आणि सूत म्हणजे अगदी तळाचे, हेही सरळ नाही. संजय सूत. विराटाचा सेनापती कीचक सूतपुत्र, आणि त्याची बहीण तर तिथली राणी. अधिरथाला धृतराष्ट्राचा मित्र म्हटलंय.

घनसाळ

रथवाले, तुमचं वाचून दोनदा चहा गार झाला. पण शोणाला विसरलात. तो खराच सूत. त्याच्या अंगावर कवच नाही, कानात कुंडलं नाहीत, बाप सूर्य नाही. सावंतांनी त्याला स्वतःच्या तोंडानं बोलायला लावलंय, कुंतीच्या आणि कृष्णाच्या ओळीत बसवून. पत्ता चुकल्याचीच गोष्ट सांगायची असती तर या पोराला 'मी' म्हणायची मुभा कशाला दिली असती? आमच्या वाचनालयात कर्णासाठी हे पुस्तक नेणारे शोणाबद्दल बोलत परत यायचे.

रिकामा रथ

शोण बोलतो, मान्य. कोणाबद्दल बोलतो? वर वृषालीताईंनी तिच्याबद्दल जे लिहिलंय तेच त्याला लावा. दादा केवढा मोठा, हे सांगायला सूत लागतो.

अर्धवट वाचक

पोथीचा मुद्दा मला सुचला नव्हता, घनसाळ. काल रात्री रथामागे धावण्याचा प्रसंग मोठ्याने वाचून पाहिला. तुम्ही म्हणता तसा तो चढत जातो. मग लगेच दुर्योधनाचा एक भागही मोठ्याने वाचला आणि तोही त्याच जागी, त्याच पद्धतीने चढला. पोथीत निवेदक एकच असतो आणि तो ते लपवत नाही. श्रीधर 'मी दुर्योधन' म्हणत नाही. सावंतांनी वेगवेगळे 'मी' उभे करायचं वचन दिलं होतं, मी त्यांना त्याच वचनाला धरतेय.

तराजूबद्दल: कृष्ण पांडवांच्या बाजूने आहे, पण व्यास आहेत का? जुगारात बायकोला पणाला लावणारा युधिष्ठिर व्यासांकडे कुठे सुटलाय? चाक रुतल्यावर कर्ण धर्माची आठवण करून देतो आणि कृष्ण विचारतो, 'तेव्हा कुठे गेला होता तुझा धर्म?' ती यादी वाचताना कर्ण दोषी आहे हे पटतं, आणि त्याच वेळी खाली उतरून चाक उचलणाऱ्या माणसावर बाण सोडायला सांगणारा कृष्णही डोळ्यांत खुपतो. दोघांनाही सूट नाही. मला कादंबरीकडून हे हवं होतं.

रिकामा रथ, तुमच्या मुद्द्याला व्यासांकडेच एक उत्तर आहे. कृष्ण सांगतो की तू ज्येष्ठ पांडव, चल, राज्य तुझं. कर्ण काय म्हणतो? मला घरी आणलं तेव्हा मायेने राधेला पान्हा फुटला, तिने माझं सगळं केलं, अधिरथ मला मुलगा मानतो आणि मी त्याला बाप. योग्य पत्ता हातात मिळाल्यावर तो परत करतो! वर कृष्णाला बजावतो की हे युधिष्ठिराला सांगू नकोस, त्याला कळलं तर तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. इतका स्वच्छ, स्वतःला ओळखून असलेला माणूस. त्याच्या जन्माचं तेज घटकाभर बाजूला ठेवलं तरी तो मोठाच राहतो.

चष्मिश

अगदी. आणि याच प्रसंगाकडे बघायची थंड नजर हवी असेल तर इरावती कर्व्यांचं महाभारतावरचं 'युगान्त' घ्या. तेही १९६७चंच. एकाच वर्षी मराठीत कर्णाकडे बघायच्या इतक्या दोन टोकाच्या रीती छापून आल्या, याची मला गंमत वाटते.

वृषाली, खरीखुरी

'युगान्त' मी वाचलंय, दोनदा. त्यातला कर्ण पटतो. पण आजारी पडल्यावर उशाशी काय घेतलं विचाराल तर 'मृत्युंजय'. पटणं वेगळं आणि सोबत वेगळी. लोकप्रिय कादंबरीला आपण पहिल्याच मापाने का मोजतोय?

अर्धवट वाचक

कारण ती सोबत करता करता पटवतेही. तुमच्या आईने मुलीचं नाव ठेवण्याइतकं पटवलं की.

टिवल्या

शकुनीवर अशी एखादी कादंबरी आहे का? वकील मी देतो.

घनसाळ

टिवल्या, तू आधी 'मृत्युंजय' वाच. आणि ताई, दुर्योधनाचा भाग पुन्हा एकदा वाचा. या खेपेला कोणाला तरी समोर बसवून.