जनरल सॅम लेन : खलनायक की आजोबा?

पानपलट्या
दुसऱ्या धाग्यावर सुपरमॅनच्या सासऱ्याबद्दल, म्हणजे त्याची पत्रकार बायको लोइस हिच्या वडिलांबद्दल, कुणी लिहिलंय, ‘सॅम लेन म्हणजे लोइसच्या वाटेत आडवा येणारा वर्दीतला बाप, बाकी शून्य.’ वाचून डोकंच फिरलं. हे लिहिणाऱ्याने कॉमिक्समधला १९५९ चा सॅम पाहिलेला नाही. तेव्हा तो घोडे पाळणारा शेतकरी होता. वर्दी अंगावर चढली ती १९८६ मध्ये सुपरमॅनची कथा नव्याने मांडल्यानंतर, आणि मुलगा हवा असताना मुली झाल्या ही त्याची सलही तेव्हाच आली. लोइसचा हट्टी, कुणाला न जुमानणारा स्वभाव तिथून येतो. बाप काढून टाका, लोइस अर्धी उरते.

कँडोरकर
स्वभावाचं कौतुक पुरे. सुपरमॅनच्या क्रिप्टनवरून वाचलेल्यांच्या नव्या ग्रहाची, ‘न्यू क्रिप्टन’ची कथा विसरलात? त्यांच्याविरुद्धचं गुप्त लष्करी प्रोजेक्ट ७७३४ सॅमचंच. कॅल्क्युलेटरवर हा आकडा टाकून उलटा धरा, इंग्रजीत ‘हेल’, म्हणजे नरक, दिसतं. खलनायक रिअ‍ॅक्ट्रॉनच्या शरीराचा बॉम्ब करून एक लाख क्रिप्टनवासीयांसकट अख्खा ग्रह उडवला, आणि २०१० मध्ये स्वतःवर गोळी झाडून उत्तर द्यायचं टाळलं. याला कडक बाप म्हणायचं?

पानपलट्या
२००१ मध्ये खलनायक इम्पेरिएक्सशी लढताना मेलेला माणूस उकरून काढला आणि त्याचा राक्षस केला. दोष लेखकांचा. आधीच्या पात्राला त्यासाठी फासावर चढवू नका.

कँडोरकर
टीव्ही मालिकांतही तेच. ‘सुपरगर्ल’मध्ये रेड टोर्नेडो या लढाऊ यंत्रमानवाची चाचणी सुपरगर्लवर घ्यायला लावतो, यंत्र हाताबाहेर जातं. ‘स्मॉलव्हिल’मध्ये मायकेल आयर्नसाइडचा जनरल वीरांची नोंदणी करायच्या कायद्याची बाजू घेतो. प्रत्येक वेळी आधी संशय, मग माणूस.

ठोके
‘सुपरमॅन अँड लोइस’ मालिकेच्या चौथ्या पर्वाचा विषय कुणी काढलाच नाही. डूम्सडे हा राक्षस क्लार्कचं, म्हणजे सुपरमॅनचं, हृदय उपटून त्याचा शत्रू लूथरकडे नेतो आणि सॅमचं हृदय क्लार्कला बसतं. माझी तक्रार इथे आहे. शरीराबाहेर काढलेलं हृदय बर्फात साधारण चार तास टिकतं. रक्तगट आणि छातीचा आकार जुळावा लागतो. शरीराने ते नाकारू नये म्हणून आयुष्यभर गोळ्या. परक्या ग्रहावरच्या शरीरात यातलं काय जुळणार?

पानपलट्या
त्याची किंमत मालिकेने वसूल केली आहे. शक्ती ओसरत जातात, म्हातारपण येतं, शेवटी तेच हृदय थांबतं.

ठोके
ओसरणं ठीक. पण बसवलेल्या हृदयाची, ठोके आवरणारी व्हेगस नस (मेंदूकडून येणारा मज्जातंतू) कापलेली असते. माणूस स्वस्थ बसला तरी ठोके मिनिटाला ९० ते ११० पडतात. धावायला लागलं की ठोक्यांचा वेग लगेच चढत नाही, थांबलं की लगेच उतरत नाही. उडण्याआधी क्लार्कला दोन मिनिटं थांबावं लागतं, एवढा एक प्रसंग दाखवला असता तर आजोबांचं हृदय प्रत्येक भागात जाणवलं असतं. ती संधी घालवली.

कँडोरकर
हृदय, नस, बर्फ! मुद्दा बापाचा होता. सासऱ्याने हृदय दिलं म्हणून सगळं माफ?

पानपलट्या
माफ कोण म्हणतंय? पण वर्दीतल्या बाकी बहुतेक रूपांत तो क्लार्कवर रोखून उभा असतो. ‘सुपरमॅन अँड लोइस’मधल्या डिलन वॉल्शच्या सॅमला मात्र पहिल्या भागापासून क्लार्क कोण ते ठाऊक आहे, नातवंडंही ठाऊक आहेत. कुटुंब आणि कर्तव्य एकाच टेबलावर आणणारं हे पहिलंच रूप. ‘लोइस अँड क्लार्क’मध्ये तर त्याला डॉक्टर केलं आणि हा पेचच संपवला.

कँडोरकर
बरं, वॉल्शचा सॅम सर्वांत चांगला लिहिलाय, इतकं मान्य. पण क्रिप्टोनाइटची शस्त्रं कोठारात कुणी जमवली? जावई रात्री जेवायला येतो, नातवंडं शेजारी बसतात, आणि त्याला मारायचं सामान तळघरात तयार. तिथेही नाव तेच, ७७३४.

ठोके
सावत्र भाऊ टॅल-रोने क्लार्कच्या मनाचा ताबा घेतला तेव्हा ती शस्त्रं असण्याला कारण होतं, हे तरी धरा.

कँडोरकर
कारण होतं. लोइसला आधी सांगायला काय हरकत होती, ते मात्र अजून कुणी लिहिलेलं नाही.